न उघडणारं कुलूप

कुलपं दुरुस्त करणाऱ्या बाबांनी एका सुट्टीत लेकीच्या वहीत सात आकडी संख्या लिहून दिली होती, १२९९७०९. "हे कुलूपच समज. हिला पूर्ण भाग जाईल तो आकडा म्हणजे किल्ली. सापडली की खुशाल खेळायला जा."

पोर इरेला पेटली. अख्खी सुट्टी बाबांच्या शेजारी, कानशीची खरखर ऐकत भागाकार करत बसली. किल्ली काही सापडली नाही.

आता ती कॉलेजात गणित शिकवते. बाबांचं दुकान कायमचं आवरताना ती वही हाती लागली, आणि तिला हसू फुटलं.

"बाबा, ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेच भाग जात नाही. चांगलं फसवलंत मला. कुणी सांगितली होती?"

"कोण सांगणार? गिऱ्हाईक नसलं की मीच भाग लावून बघायचो. महिना गेला. बाकीच्या सगळ्या उघडल्या, ही तेवढी उघडेना."

"एवढा खटाटोप कशाला?"

बाबांनी कानस खाली ठेवली.

"तुझी आई गेली ना त्या वर्षी. तू खेळायला पळालीस की दुकान खायला उठायचं."