लख्ख धुतलेला स्पंज

निफाडहून आलेल्या लंकाबाईंनी सुनेच्या, योगिनीच्या, फिशटँकच्या फिल्टरमधला काळा स्पंज साबणानं लख्ख धुतला. दुसऱ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकू लागले. योगिनीनं नळीत टँकचं पाणी घेऊन तपासणीचे थेंब टाकले. नळीतलं पाणी हिरवंगार झालं. “आई, अमोनिया! माशांच्या घाणीचं विष. ते खाणारे जिवाणू स्पंजात होते.” “म्हंजी मीच धुवून टाकले? आता गं?” “पाणी बदलू. खालच्या चैतालीच्या टँकमधला मळका स्पंज मिळाला तर मासे वाचतील.” लंकाबाई अनवाणीच जिना उतरल्या, ठिबकणारा स्पंज पदरात धरून परतल्या. मग रोज पाणी बदलणं, रोज तपासणं. हिरवा रंग फिका होत गेला. बुधवारी लंकाबाईंनी स्वतःच थेंब टाकले. “पिवळं! म्हंजी विष संपलं?” “संपलं, आई!” त्यांनी लगेच मळ्यात नवऱ्याला फोन लावला. “अहो, द्राक्षांचं ऱ्हाऊ द्या! आमचं पाणी पिवळं झालं!”