अंगठा

"अंगठा काढ," आम्ही तिघे मित्र पावसात ओरडलो. नॉर्वेतल्या बर्गनच्या बंदरावर आमच्या पाठीमागे लाल-पिवळी लाकडी घरं होती आणि समोर माझा मोबाईल धरून श्रीरंग उभा होता. त्याने अंगठा काढला आणि पुढच्या फोटोत दुसऱ्या कोपऱ्यात आणला. चार दिवस फोटो काढायचं काम त्याने कुणाला दिलं नाही.

परतल्यावर महिन्याभरात श्रीरंग झोपेतच गेला. तेराव्याला ठेवायला अलीकडचा, हसरा फोटो हवा, असं वहिनी म्हणाल्या. सहलीच्या तीनशे फोटोंमध्ये आम्ही होतो, डोंगर होते. श्रीरंगचा फक्त अंगठा होता.

तोच दाखवला. वहिनींनी चष्मा लावून फोटो मोठा केला.

"निघताना सांगितलं होतं, नखं कापा," त्या म्हणाल्या. "नाहीच कापली."

माझा मोबाईल त्यांनी संध्याकाळी परत दिला.