आपोआप थांबणारी मोटार

गुडघ्यांनी दगा दिल्यावर हिर्डोशीच्या रायबांनी जड मनाने शेळ्या विकायचे ठरवले होते. ते पाहून त्यांच्या सुनेने, सुप्रियाने, घरातली रिमोटवर चालणारी खेळण्यातली मोटार दुरुस्त केली आणि तिला मक्याच्या दाण्यांचा डबा बांधला. डबा खुळखुळला की शेळ्या मागोमाग निघत आणि मोटार माळावर थांबली की चरू लागत. रायबा ओट्यावर बसून रिमोट चालवत.

“मामंजी, रिमोटचा सिग्नल तुटला तर आपोआप थांबायचं यंत्र बसवू का हिला?”

“इच्यारती काय? बसव की! न्हाईतर गाडी जाईल दरीत, आन् तिच्या मागं माज्या समद्या शेळ्या.”

यंत्र बसले. दुसऱ्याच दिवशी मोटार टेकाडाआड गेली, सिग्नल तुटला आणि डब्याचा खुळखुळाट एकदम थांबला. रायबांनी कौतुकाने सुनेकडे पाहिले.

तेवढ्यात टेकाडापलीकडच्या शेतातून शेतकरी रोहिदासचा फोन आला.



“तात्या, तुमची गाडी ऐन माज्या नाचणीच्या बांधावर थांबलीया. सूनबाईस्नी म्हनावं, आता शेळ्यांच्या तोंडालाबी तसलंच यंत्र बसवा!”