साबणावरची किल्ली

मायबाप हो, जवळ सरका, एक गोष्ट सांगतो. आमच्या गल्लीत किल्ल्या बनवणाऱ्यांची सातच दुकानं, त्यांतलं एक ताईचं. नवऱ्याने तिचा उजवा हात मोडला, तशी ती घराबाहेर पडली. नव्या खोलीची किल्ली तिने डाव्या हातानेच कानस चालवून घडवली. ताई नसताना नवरा साबणाच्या वडीवर त्याच किल्लीचा चोरून घेतलेला ठसा घेऊन आला. पहिल्याच दुकानातल्या आजोबांनी उलटे कललेले दात पाहून ताईचा डावा हात ओळखला. "जावईबापू, मशीन बिघडलंय." पुढच्या पाचही दुकानांत तेच उत्तर. तो परतला, तर आजोबांचं मशीन घरघरतंय! "चालतंय की!" "तुम्ही दिसलात की बंद पडतं बघा." आजोबांनी वडी घेतली आणि तेलकट हात धुतले. ठसा फेसात गेला. ताईसारखं दार लावून निवांत बसाल, तेव्हा त्या सहा कारागिरांना आठवा, मायबाप.