तीन घाव सोसणारा बर्फ

दुसऱ्याच घावाला टीराची लोखंडी टोकाची काठी समुद्रावरच्या बर्फातून आरपार गेली. भोकातून काळं पाणी वर आलं आणि तिच्या बुटांभोवती पसरलं.

"बर्फाशी भांडण आहे का तुझं?" राग्नवाल्ड म्हातारा खेकसला. "धीर धर जरा!"

"पण काका, इथं पाणी आलंय."

"तुझ्या घावाला दगडातूनही येईल. सरक."

त्याने भोकाशेजारीच आपली काठी आपटली. एक, दोन, तीन. बर्फावर नुसते पांढरे ओरखडे उठले. तीन घाव सोसणारा बर्फ माणसाला पेलतो, हा आमच्या बेटांवरचा नियम. अशा जागी जुनिपरच्या झुडपाची फांदी रोवायची, आणि त्या फांद्यांच्या रांगेवरून हिवाळाभर सगळ्यांनी ये-जा करायची. चाळीस वर्षं ही वाट राग्नवाल्डच आखत होता. त्याच्या फांदीवर शंका घेणारा माणूस आमच्यात अजून जन्मायचा होता.

पुढच्या हिवाळ्यापासून हे काम टीराकडे येणार होतं. तीन महिने ती रोज ओंडक्यावर काठी मारत होती. हातांना घट्टे पडले होते. एवढं करून वर बोलणी खायची! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात आज मोठ्या बेटावरच्या चर्चमध्ये तिच्याच भाच्याचं नामकरण होतं. सगळं गाव किनाऱ्यावर खोळंबलं होतं.

तिने हात सैल सोडला. म्हाताऱ्याइतकाच हलका घाव घातला. एक, दोन, तीन. बर्फ टिकला.

"आत्ता कसं! शिकलीस बघ."

मग काम झपाझप झालं. दोघं एकमेकांत वीस पावलांचं अंतर राखून चालत होते. दोनदा पायाखालचा बर्फ लवला. दोन्ही वेळा तिने त्याच्याकडे पाहिलं. तो चालतच होता, म्हणून तीही चालत राहिली. दुपारी मोठ्या बेटाच्या काठाशी त्यांनी शेवटची फांदी रोवली.

राग्नवाल्ड खडकावर टेकला. कॉफीच्या थर्मासचं झाकण त्याने दोनदा फिरवून पाहिलं, मग थर्मासच तिच्यापुढे धरला.

"तूच उघड गं. कुणाला सांगू नकोस, पण ऑक्टोबरपासून या हातात जोरच उरला नाही."

टीराने गर्रकन वळून पाहिलं. फांद्यांच्या रांगेवरून अख्खं गाव घोळक्याने निम्म्या वाटेवर आलं होतं, आणि सगळ्यांत पुढे बाळाची घसरगाडी होती.