दोन बाजूंची पाटी

केनियातल्या आमच्या दवाखान्यात औषधं अमेरिकेतून यायची आणि नियमही तिथूनच. तिथे एक पक्ष निवडून आला की इथे गर्भपाताचं नाव काढायचं नाही, नाहीतर औषधं बंद. दुसरा आला की नाव का काढत नाही, हे विचारायला माणूस हजर. आई इथली नर्स. मी अदोंगो, तिची मोठी लेक, म्हणून सगळे तिला ‘मामा अदोंगो’, म्हणजे अदोंगोची आई, म्हणायचे. तिने एकच पाटी दोन्ही बाजूंनी रंगवून घेतली होती. एकीकडे गर्भपातासाठी कुठे जायचं तो पत्ता, दुसरीकडे ‘हात धुवा’. तिकडचा निकाल रेडिओवर ऐकला की ती पाटी फिरवायची.

“मत ते देतात आणि खिळा आपला झिजतो,” म्हणायची.

ती गेली त्याच महिन्यात तिकडे नाव काढू न देणाऱ्यांचं सरकार आलं. तिकडून व्हिटलॉकसाहेब तपासणीला आले.

“इथे पाटी होती ना?”

“आता आईचा फोटो लावलाय, साहेब.”

त्यांनी टोपी काढली, मान खाली घातली आणि ‘सर्व नियमाप्रमाणे’ असं लिहून ते गेले.

त्यांची गाडी वळते न वळते तोच एक मुलगी आत आली. डोळे सुजलेले.

“मामा अदोंगो गेल्या, कळलं मला,” ती हळूच म्हणाली. “ताई, तो पत्ताही गेला का गं?”

“फोटो फिरव,” मी म्हटलं. “तिला सवय आहे.”