वाडीचं आदर्श युवा मंडळ

"आप्पा, मान वळवू नका. कलप कॉलरीला लागायलाय," कडुबा दातातल्या दातात म्हणाला.

आप्पासाहेबांनी मान ताठ केली. देवगाव रंगारीच्या पुढं लागणाऱ्या या वाडीच्या आदर्श युवा मंडळाचे ते अध्यक्ष होते, कालपासून. वय विचारलं तर अठ्ठावीस सांगायचं, हे त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. त्यांच्या थोरल्या मुलाचं वय साधारण तेवढंच. तो आणि वाडीतली बाकीची खरी तरुण पोरं शेंद्र्याला कारखान्यात कामावर गेली होती. समाजमंदिरात मग उरलेले तरुण बसवावे लागले. सगळ्यांची डोकी सकाळी एकाच वाडग्यातल्या कलपानं काळी केलेली.

कडुबा एका सरकारी खात्याचा कंत्राटी युवा समन्वयक. हे मंडळ त्यानंच कागदावर जन्माला घातलं होतं. वरून विचारणा झाली, काहीतरी पाठवणं भाग होतं, म्हणून पाठवलं. ते जिल्ह्याला आवडलं, मुंबईला आवडलं, दिल्लीला तर फारच आवडलं. दिल्लीहून ते थेट परदेशात गेलं. तिथल्या सरकारचा आणि आपल्या सरकारचा युवा धोरणावर सहकार्याचा करार झाला होता. तरुणांसाठी काय चाललंय ते एकमेकांकडं जाऊन डोळ्यानं पाहायचं, असं त्यात एक कलम होतं. आजवर कुणी ते मनावर घेतलं नव्हतं. त्या सरकारनं घेतलं, आणि त्यांचं शिष्टमंडळ हे मंडळ पाहायला वाडीत यायचं ठरलं.

कडुबाला नोकरीत कायम करायची फाईल सहीला लागली होती. आता सही राहिली बाजूला, फसवणुकीचा गुन्हाच दाखल होणार, या धास्तीनं त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

गाडी आली ती बरीच उशिरा. कडुबाचे वरिष्ठ, खात्याचे जिल्ह्याचे अधिकारी राजकुमार साहेब आधी उतरले. मोठ्या कार्यक्रमाला राखाडी कोटाशिवाय कधी न दिसणारा हा माणूस आज नुसत्या शर्टात होता, आणि शर्ट घामानं चिंब.

"विमान उशिरा आलं," ते कुणी न विचारताच म्हणाले. "शिष्टमंडळातल्या बाकीच्यांना दुसरं काम निघालं. हे एकटेच आलेत."

मागून एक उंच, कुरळ्या केसांचा परदेशी पाहुणा उतरला. कोटाच्या बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिलेल्या. चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. दारात आल्यावर कुणी न सांगता त्यानं बूट काढले.

कडुबानं ते पाहिलं. गडी तयारीनं आलाय.

म्हाताऱ्या दगडाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. राजकुमार साहेब "बाटली, बाटली!" म्हणेपर्यंत पाहुण्यानं तांब्या उचलला, ओठ न लावता वरून धार धरली आणि गटागटा प्यायला. कोटावर थेंब सांडला नाही.

"पाणी तपासायलाय का काय?" आप्पा कुजबुजले.

"गप बसा हो."

सभा सुरू झाली. पाहुणा इंग्रजीत चार शब्द बोले, राजकुमार साहेब त्याचं लांबलचक मराठी करत. "साहेब म्हणतात, दोन्ही राष्ट्रांची तरुणाई हीच दोन्ही राष्ट्रांची खरी संपत्ती असून…" मध्येच रुमालानं कपाळ पुसत. आपल्यापायी साहेबांच्या जिवाला केवढा घोर, असं वाटून कडुबाला भरून आलं.

मग पाहुण्यानं अध्यक्षांकडं पाहिलं. कलपाची एक काळी धार आप्पांच्या कानामागून निघून निवांत गळ्याकडं चालली होती. पाहुण्याची नजरही तिच्याबरोबर खाली खाली गेली.

"ह्यो तरुण व्हय?" दगडाबाई शेजारणीला म्हणाल्या. "ह्याच्या लग्नात मी पंगतीला वाढलं. तवाच मला दोन नातू व्हते!"

पाहुणा फिसकन हसला. लगेच खोकला आल्यासारखं केलं. राजकुमार साहेबांनी मात्र अजून भाषांतराला तोंडही उघडलं नव्हतं.

कडुबाच्या ध्यानात आलं. ह्याला मराठी कळतं! त्या सरकारनं मुद्दामच असा माणूस धाडलाय. आल्यापासून जे जे कुजबुजलं, ते सगळं ह्याच्या कानात गेलं. त्यानं राजकुमार साहेबांकडं पाहिलं. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. म्हणजे त्यांच्याही ध्यानात आलं होतं.

"पाहुण्यांना आता थोडा आराम…" साहेब चाचरत म्हणाले. पण पाहुणा उठलाच. त्यानं कडुबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मागच्या दाराकडं खूण केली.

"कडुबा, खरं काय ते सांगून टाक," आप्पा पुटपुटले. "माझं नाव तेवढं घेऊ नको."

मागं बाभळीखाली चिटपाखरू नव्हतं. पाहुण्यानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. कडुबानं हात जोडले.

"साहेब, चुकी झाली. पोरं कामाला जातात, कुठून आणू? लेकरंबाळं हायत मला. काय लिहायचं ते लिहा, पण पोलिसात तेवढं…"

पाहुण्याचं लक्ष नव्हतं. त्यानं घाईघाईनं कोट उतरवला, घडी घातली आणि कडुबाच्या जोडलेल्या हातांवर ठेवला.

"चचा, ये राजकुमार साब को वापस दे देना," तो म्हणाला. "कल कॉलेज में मेरा पेपर है. यहां से शहर, शहागंज की गाडी कित्ते बजे मिलती?"